उष्ण देशात सतरा वर्षे : डॉ. जॉर्ज ब्यूलर यांचे जीवन आणि श्रुतसेवा

जैन वाङ्मयाच्या जतनाचा इतिहास सांगताना आपण आचार्यांची, पोथ्या लिहून घेणाऱ्या श्रावक-श्राविकांची आणि ज्ञानभांडारांची जिवापाड राखण करणाऱ्या संघांची नावे आदराने घेतो. या मालिकेत काही नावे परदेशी विद्वानांचीही आहेत. जैन कुळात जन्म नाही, या देशाची भाषा नाही, हवापाणी तर मुळीच मानवणारे नाही. अशा स्थितीत येथे येऊन ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे पोथ्यांच्या शोधात घालविली, त्यांत डॉ. जॉर्ज ब्यूलर यांचे स्थान फार वरचे आहे. जुन्या मराठी ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘बुल्हर’ असाही आढळतो. थंड प्रदेशात वाढलेला हा विद्वान मुंबई आणि गुजरातच्या उष्ण भूमीत सतरा वर्षे राहिला. त्याचे शरीर या भूमीशी कधीच पुरते जुळले नाही. मन मात्र असे जुळले, की स्वदेशी परतल्यावरही ते येथल्या पोथ्यांतच रमले.

जन्म, शिक्षण आणि भारताची ओढ

योहान जॉर्ज ब्यूलर यांचा जन्म १९ जुलै १८३७ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर राज्यातील बोर्स्टेल या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. उत्तर जर्मनीचा हा भाग सपाट आणि थंड. हिवाळ्यात दिवस लहान, आकाश ढगाळ आणि शेते गोठलेली; उन्हाळा सौम्य आणि थोडक्या दिवसांचा. अशा हवेत त्यांचे बालपण गेले.

१८५५ साली त्यांनी ग्योटिंगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे थिओडोर बेन्फाय या थोर संस्कृतज्ञाचे शिष्यत्व त्यांना लाभले. १८५८ साली डॉक्टरेट मिळाल्यावर मूळ हस्तलिखिते पाहण्यासाठी ते पॅरिसला आणि तेथून इंग्लंडला गेले. लंडन व ऑक्सफर्ड येथील संग्रह त्यांनी अभ्यासले. विंडसरच्या राजवाड्यातील ग्रंथालयातही काही काळ काम केले. मॅक्सम्यूलर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो याच काळात.

त्या वेळी युरोपातील बहुतेक संस्कृत पंडित भारत न पाहताच भारताविषयी लिहीत असत. व्यापाऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी नेलेल्या पोथ्या हाच त्यांचा आधार. ब्यूलर यांना हे अपुरे वाटे. ज्या देशात ही विद्या परंपरेने जिवंत आहे त्या देशात जाऊन, तेथील पंडितांच्या शेजारी बसून ती शिकावी, अशी त्यांची तीव्र इच्छा होती. १८६२ च्या अखेरीस ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली असतानाच मॅक्सम्यूलर यांच्या खटपटीने मुंबईस जाण्याची संधी चालून आली. ब्यूलर यांनी ती तत्काळ स्वीकारली आणि १० फेब्रुवारी १८६३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले.

मुंबईची पहिली वर्षे

सुएझचा कालवा खुला झाला तो १८६९ साली. त्यापूर्वी युरोपातून येणारे प्रवासी सहसा इजिप्तच्या भूमीवरून सुएझला येत आणि तेथे पुन्हा आगबोटीत बसून तांबड्या समुद्राच्या मार्गाने मुंबई गाठत. माघ-फाल्गुनातील मुंबई नवख्या माणसाला फसवी वाटते. सकाळ सुखद, वारा मंद आणि आकाश निरभ्र असते. खरी परीक्षा चैत्र-वैशाखात सुरू होते. मुंबईचा उकाडा नुसत्या उन्हाचा नव्हे, तो दमटपणाचा. घाम येतो, पण वाळत नाही; म्हणून अंगाला गारवा मिळत नाही. त्यानंतरचे चार महिने पाऊस. कपड्यांना वास येतो, चामड्यावर बुरशी धरते आणि पुस्तकांची पाने चिकटतात.

त्या काळच्या युरोपीय रहिवाशांनी यावर आपल्या परीने उपाय योजले होते. कामे भल्या सकाळी उरकणे, दुपारी दारे-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडणे, छताला टांगलेला पंखा दोरीने ओढवून घेणे, रात्री मच्छरदाणीत झोपणे आणि वैशाखात महाबळेश्वर किंवा माथेरान गाठणे, असा हा क्रम असे. हिवताप दूषित हवेमुळे येतो असाच त्या वेळी समज होता. तो डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे उघड केले ते १८९७ साली, म्हणजे ब्यूलर भारतातून गेल्यानंतर सतरा वर्षांनी. नव्याने आलेले अनेक युरोपीय तरुण पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच ताप, अतिसार किंवा पटकीला बळी पडत. जे वाचत, त्यांपैकी बरेच जण मायदेशी परतण्याचे दिवस मोजत राहत.

ब्यूलर यांनी वेगळा मार्ग धरला. एल्फिन्स्टन कॉलेजात पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिकविणे हे त्यांचे काम. पण स्वतः शिकणे हे त्यांनी त्याहून महत्त्वाचे मानले. शास्त्रीमंडळींबरोबर बसून ते ग्रंथ वाचीत आणि त्यांच्याशी संस्कृतातून संभाषण करीत. युरोपात मृत समजली जाणारी भाषा येथे बोलली जाते, तीत वाद होतात, विनोदही होतात, हा अनुभव त्यांच्या दृष्टीने अमोल होता. काशिनाथ त्रिंबक तेलंग हे पुढे न्यायमूर्तिपदास पोहोचलेले विद्वान त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. डॉ. भाऊ दाजी, पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या संशोधकांच्या कार्याशीही त्यांचा जवळचा परिचय झाला.

रेमंड वेस्ट या न्यायाधिकाऱ्यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबई इलाख्यातील न्यायालयांत शास्त्र्यांनी दिलेल्या व्यवस्थांचा संग्रह सिद्ध केला. तो हिंदू कायद्याच्या अभ्यासात दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील फ्रान्झ कीलहॉर्न यांच्यासह त्यांनी ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ ही ग्रंथमाला उभी केली. मुंबईच्या दमट हवेत, अपुऱ्या प्रकृतीने, अवघ्या पाच-सहा वर्षांत एवढे काम उभे राहिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ऋतुमानाची शिकवण

१८६० च्या दशकाच्या अखेरीस ब्यूलर यांच्याकडे गुजरातमधील शाळांच्या तपासणीचे काम आले. याच सुमारास, १८६८ साली, भारत सरकारने संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाची व्यापक योजना मंजूर केली आणि मुंबई इलाख्यात तिची धुरा ब्यूलर व कीलहॉर्न यांनी वाहिली. शाळा तपासण्यासाठी गावोगावी फिरावे लागे. त्याच फिरतीत पोथ्यांची चौकशी करता येई. मुंबईचा दमटपणा मागे पडला, पण उत्तर गुजरातचे कोरडे, भाजून काढणारे ऊन समोर आले. वैशाखात तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो.

या देशात ऋतूंशी झगडून भागत नाही, त्यांच्या कलाने चालावे लागते, हे तत्त्व जैन समाजाला नव्याने सांगावयास नको. आपले साधू-साध्वी आठ महिने विहार करतात आणि पावसाळ्यात चातुर्मासासाठी एका ठिकाणी स्थिर होतात. हेतू अर्थातच वेगळा होता. तरीही सरकारी अधिकाऱ्यांची फिरती ऋतूंनाच बांधलेली असे. पाऊस उघडल्यावर तंबू, घोडे आणि बैलगाड्या घेऊन बाहेर पडावयाचे, थंडीचे महिने प्रवासात घालवावयाचे आणि ऊन तापू लागले की मुक्कामी परतावयाचे, असा तो शिरस्ता होता.

पोथ्यांचे आयुष्यही याच ऋतुचक्राशी बांधलेले आहे. उष्णता, दमटपणा आणि कसर हे ग्रंथांचे तीन शत्रू. युरोपच्या थंड हवेत चर्मपत्र शतकानुशतके सहज टिकते. येथे ताडपत्र आणि कागद टिकवावयाचे तर सतत जागे राहावे लागते. पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवणे, दोरीने नीट बांधणे, वर कापडी बासन घट्ट गुंडाळणे, ती पेटीत आणि पेटी तळघरात ठेवणे, ही सारी पद्धत अनुभवातून आली आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे पावसाच्या तोंडावर, श्रुतपंचमी येते. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे पाऊस सरल्यावर, ज्ञानपंचमी येते. पोथ्या बाहेर काढून, पुसून, पूजून पुन्हा बांधून ठेवण्याची रीत या पर्वांशी निगडित आहे. जी हवा परदेशी माणसाला आजारी पाडते, तिच्यातच आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची ताडपत्रे सुरक्षित राहिली, याचे श्रेय या श्रुतभक्तीला आहे.

बंद दारे आणि मिळविलेला विश्वास

ज्ञानभांडारांत प्रवेश मिळणे सोपे नव्हते. परचक्रांच्या काळात अनेक संग्रह नष्ट झाल्याने संघांनी पोथ्या दृष्टीआड ठेवण्याची सवय लावून घेतली होती. शिवाय सरकारी माणूस पोथ्या पाहावयास आला म्हणजे त्या नेणारच, ही भीती. परधर्मीयाच्या हातून आशातना होईल, ही दुसरी भीती. या शंका निराधार होत्या असे म्हणता येणार नाही. मुंबई सरकारच्या परवानगीने ब्यूलर यांनी बर्लिनच्या राजग्रंथालयासाठीही जैन पोथ्या मिळविल्या, आणि त्या परदेशी गेल्या त्या गेल्याच. आज आपण या घटनेकडे पाहतो तेव्हा ज्ञानप्रसाराचा आनंद आणि वियोगाची हळहळ, दोन्ही मनात येतात.

सत्तेच्या जोरावर कुलूप उघडता येते, पण पोथीचा अर्थ सांगणारा माणूस मिळत नाही, हे ब्यूलर यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी स्थानिक मध्यस्थांची मदत घेतली. सुरतचे भगवानदास केवलदास हे त्यांपैकी प्रमुख. ठिकठिकाणच्या पंडितांशी त्यांनी संबंध जोडले. गुजरात, काठेवाड, कच्छ, सिंध आणि खानदेश येथील खाजगी संग्रहांतील संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनी १८७१ ते १८७३ या काळात प्रसिद्ध केली. आपल्या खानदेशातील घराघरांतून जपलेल्या ग्रंथांची नोंद त्या सूचीत झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष गोष्ट होय.

जैसलमेरची यात्रा

१८७३–७४ च्या हिवाळ्यात ब्यूलर यांनी राजपुतान्याचा दौरा केला. त्यांच्यासोबत हर्मान याकोबी हा अवघ्या तेवीस वर्षांचा जर्मन तरुण होता. हाच तरुण पुढे जैन आगमांचा अनुवादक म्हणून जगद्विख्यात झाला. जैसलमेरपर्यंत रेल्वे नव्हती. वाळवंटातून जाताना दिवसा ऊन, रात्री हाडे गोठविणारी थंडी आणि सदैव पाण्याची टंचाई. साठवणीच्या पाण्यातून होणाऱ्या नारूच्या रोगासाठी राजस्थानचा हा भाग कुप्रसिद्ध होता. भारत या रोगातून मुक्त झाल्याची अधिकृत घोषणा झाली ती थेट २००० साली.

जैसलमेरच्या किल्ल्यातील श्री पार्श्वनाथ मंदिराचे ज्ञानभांडार हे या यात्रेचे ध्येय होते. पंचांशी बराच काळ बोलणी झाली. त्यानंतरही भांडाराचा केवळ काही भाग पाहावयास मिळाला. तेवढ्यातही एक अनमोल ग्रंथ हाती आला. तो म्हणजे बिल्हण कवीचे ‘विक्रमाङ्कदेवचरित’. ताडपत्रावरील ही पोथी ब्यूलर आणि याकोबी यांनी तेथेच बसून स्वहस्ते उतरवून काढली आणि १८७५ साली ब्यूलर यांनी ती मुंबईहून प्रकाशित केली.

या शोधात एक विलक्षण योग होता. बिल्हण हा काश्मीरचा. श्रीनगरजवळील खोनमुष गावी जन्मलेला हा कवी घर सोडून निघाला आणि भारतभर हिंडत अखेर दक्षिणेत, कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी स्थिरावला. हिमाच्या प्रदेशातून उष्ण दख्खनेत आलेल्या या कवीने आपल्या काव्याच्या अठराव्या सर्गात जन्मभूमीचे आणि प्रवासाचे वर्णन केले आहे. थंड देशातून आलेल्या एका विद्वानाला ते काव्य वाळवंटातील जैन भांडारात सापडले. पुढे १८७५ साली ब्यूलर काश्मीरला गेले तेव्हा त्यांनी बिल्हणाचे ते गावही पाहिले. दुसरीही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. हे काव्य जैन धर्माचे नव्हे. तरीही जैन श्रुतरक्षकांनी ते शतकानुशतके सांभाळले. ज्ञान कोणाचे आहे हे न पाहता ते जपावे, ही आपल्या भांडारांची परंपरा जगासमोर आली ती अशी.

शरीराचा थकवा आणि परतीचा प्रवास

शरीर काही दिवसांत उन्हाला सरावते, घाम लवकर सुटू लागतो, हे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. परंतु वारंवार येणारा ताप, दूषित पाणी, सततचा प्रवास आणि त्यावर रात्रंदिवस वाचन-लेखन, यांना असा सराव उपयोगी पडत नाही. ब्यूलर यांची प्रकृती ढासळत गेली. १८८० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांना भारत सोडावा लागला. शाळांचे जाळे, हस्तलिखितांचे संग्रह, ग्रंथमाला आणि मित्र, सारे येथेच ठेवून ते युरोपला परतले.

त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना भारतीय विद्येचे प्राध्यापकपद दिले. भारताशी त्यांचा संबंध तुटला नाही, उलट तेथील शांत हवेत येथल्या अनुभवाला फळे आली. ‘मनुस्मृती’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८८६ साली प्रसिद्ध झाला. संस्कृत शिकविण्यासाठी त्यांनी सोपे पाठ्यपुस्तक रचले. १८९६ साली भारतीय लिपींच्या विकासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. तो आजही अभ्यासला जातो.

जैन धर्माच्या प्राचीनतेचा पुरावा

जैन समाजाच्या दृष्टीने मात्र त्यांचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील अनेक विद्वान जैन धर्माला बौद्ध धर्माची उशिरा निघालेली शाखा समजत. आगमग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. ब्यूलर यांनी मिळविलेल्या पोथ्यांमुळे ही उणीव भरून निघाली. बर्लिनमधील पोथ्यांच्या आधारे आल्ब्रेख्ट वेबर यांनी श्वेतांबर आगमांचा विस्तृत परिचय करून दिला. याकोबी यांनी १८७९ साली ‘कल्पसूत्रा’ची आवृत्ती काढून जैन धर्म बौद्ध धर्माहून स्वतंत्र असल्याचे सप्रमाण मांडले. बौद्ध ग्रंथांत उल्लेखिलेले निगंठ नातपुत्त म्हणजेच भगवान महावीर, ही ओळख पटविण्यात ब्यूलर आणि याकोबी या दोघांचाही वाटा आहे.

तरी शंका घेणारे होतेच. पोथ्या उशिराच्या काळातील, मग त्यांतील परंपरा प्राचीन कशावरून, असा आक्षेप घेतला जाई. याचे उत्तर मथुरेच्या कंकाली टीला येथील शिलालेखांनी दिले. कुषाणकाळातील या लेखांत जैन मुनींचे गण, कुल आणि शाखा यांची नावे कोरलेली आहेत. ब्यूलर यांनी ती वाचली आणि ‘कल्पसूत्रा’तील स्थविरावलीशी ताडून पाहिली. नावे जुळली. जे संघाने मुखपरंपरेने आणि पोथ्यांतून जपले होते, तेच दगडावरही कोरलेले निघाले. जैन परंपरा विश्वसनीय आहे हे सिद्ध करणारा हा भक्कम पुरावा होता.

१८८७ साली व्हिएन्नाच्या विद्वत्परिषदेत त्यांनी जैन संप्रदायावर व्याख्यान दिले. पुढे ते इंग्रजीतही पुस्तकरूपाने आले. १८८९ साली त्यांनी कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे चरित्र लिहिले. प्रबंधग्रंथांतील आख्यायिका आणि इतिहास यांची पारख करून लिहिलेले हे चरित्र नंतर सिंघी जैन ग्रंथमालेतून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पाटणच्या भूमीत फिरलेल्या माणसालाच ते लिहिणे शक्य होते.

अखेर आणि वारसा

एप्रिल १८९८ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत ब्यूलर पत्नी आणि मुलाला भेटण्यासाठी झुरिककडे निघाले. वाटेत कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या लिंडाऊ येथे ते थांबले आणि एकटेच लहान होडी घेऊन पाण्यात गेले. ते परत आलेच नाहीत. ८ एप्रिल १८९८ हा त्यांचा मृत्युदिन मानला जातो. वय अवघे साठ वर्षांचे होते. वाळवंटातून आणि तापांतून वाचलेला हा माणूस मायदेशाच्या जवळ, थंड सरोवरात हरपला. युरोप आणि भारत, दोन्हीकडील विद्वानांना हा आघात जाणवला.

त्यांनी मुंबई सरकारसाठी जमविलेल्या पोथ्या पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तेथे सोपविण्यात आल्या. त्यांत जैन पोथ्यांचा मोठा वाटा आहे. ज्या जैसलमेर भांडाराचा थोडाच भाग ब्यूलर यांना पाहता आला, त्याची व्यवस्थित मांडणी आणि सूची विसाव्या शतकाच्या मध्यास आगमप्रभाकर मुनी श्री पुण्यविजयजी यांनी अपार परिश्रमाने केली. पाटण येथे १९३९ साली हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले आणि विखुरलेले संग्रह एका छताखाली आले. संघाने स्वतः दारे उघडली, सूची केल्या आणि अभ्यासकांना बोलाविले. पोथ्या परदेशी जाण्याची हळहळ अशा कार्यानेच हलकी होते.

आज आपल्या अनेक घरांतील मुलेमुली शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी परदेशी राहतात. तेथली हवा, अन्न आणि भाषा यांच्याशी जुळवून घेताना त्यांना कष्ट पडतात. डॉ. ब्यूलर यांचे चरित्र त्यांना आधार देणारे आहे. त्यांनी भारतातील ऊन कमी व्हावे म्हणून वाट पाहिली नाही. या देशातील माणसे त्या उन्हात कशी राहतात, काय जपतात आणि कशासाठी जपतात, हे त्यांनी पाहिले, आणि ते समजून घेण्यासाठी आपली प्रकृती पणास लावली. पुण्याच्या संग्रहातील बासनात बांधलेली प्रत्येक जैन पोथी त्या सतरा वर्षांची आणि तिला त्याआधी शतकानुशतके जपणाऱ्या अनाम श्रावकांची साक्ष देते. दोघांच्याही श्रुतसेवेस विनम्र अभिवादन.